अठराशे चाळीस मीटरवरची वाळू

बिराप्पा कोळेकरला ती बातमी कळली तेव्हा तो बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवरची द्राक्षं हातानं पसरत होता. मार्च सरत आला होता. त्या दिवसांत तासगावच्या पूर्वेला जिकडंतिकडं जाळ्यांच्या शेड भरलेल्या असतात आणि वाऱ्याला आंबूसगोड वास असतो. शेड दुसऱ्याची. बिराप्पाचा मुलगा रविराज तिथं देखरेखीला होता. बिराप्पाला तिथं खरं तर काही काम नव्हतं, पण घरी बसून राहणं त्याला जमत नसे. अठ्ठावीस वर्षं त्यानं दर पाच मीटरला जमिनीच्या पोटातला मूठभर चुरा उचलला होता, धुतला होता, वाळवला होता, पिशवीत भरून वर खोलीचा आकडा लिहिला होता. आता साठी उलटली तरी हाताला काहीतरी पसरायला, निवडायला लागायचंच.

फोन पलूसहून उदयसिंहाचा होता. उदयसिंह म्हणजे त्याला या धंद्यात नेणारा माणूस. लष्करातून निवृत्त झाल्यावर गुजरातेत तेलाच्या विहिरी खणणाऱ्या रिगवर पहाऱ्याचा मुख्य म्हणून गेलेला, आता पंचाऐंशीच्या घरातला, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरचा.

"बिरा, बसलाईस का उभा हाईस?"

"उभा हाय."

"मग बस गड्या. आपल्या त्या कोरड्या विहिरीपासनं दीड किलोमीटरवर तेल लागलंय. त्याच वाळूत."

बिराप्पा बसला नाही. किती खोलीला, एवढंच त्यानं विचारलं. उदयसिंहाचा भाचा त्याच कंपनीत होता, त्यानं सगळं नीट सांगितलं होतं. तिथं ती वाळू जरा वर आहे, सतराशे नव्वद मीटरला.

"आपली अठराशे चाळीसला हुती," बिराप्पा म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. त्या दिवशी त्यानं जेवताना भाकरी अर्धी ठेवली. बायको बयाबाईनं ते पाहिलं, पण विचारलं नाही. या माणसाला विचारून काही कळत नाही, थांबलं की आपोआप कळतं, हे ती केव्हाच शिकली होती.

दीड किलोमीटर. बिराप्पाच्या डोक्यातून तो आकडा जाईना. त्या दीड किलोमीटरपायी आपण काय घालवलं हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, असं त्याला वाटत होतं.

कोळेकरांच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं होती. बाप जोतीराम, आई साळूबाई आणि दीडशे मेंढरं. दुष्काळी मुलूख, पावसाळ्यातलं गवत दिवाळीपर्यंत कसंबसं पुरायचं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून सगळे पश्चिमेला निघायचे, कृष्णेच्या काठाला. पलूस, तिथून पुढं कराडकडं. सुगी झालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घ्यायचे. रात्रभर मेंढरं रानात बसली की खत आयतंच पडायचं, त्या बदल्यात धान्य मिळायचं. बिराप्पा चालायला शिकला तो त्याच वाटेवर. मेंढराच्या तोंडाचा वास घेऊन ते कुठलं गवत खाऊन आलंय हे तो सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही.

पलूसच्या रानात मेंढरं बसलेली असताना उदयसिंहानं हे एकदा पाहिलं. रान त्याचंच होतं. एकोणनव्वद सालची गोष्ट, बिराप्पा पंचविशीचा, लग्न झालेलं. उदयसिंह जोतीरामाला म्हणाला की, या पोराच्या नाकाला मी पगार मिळवून देतो. जोतीराम विचार करत बसला नाही. चार वर्षं बघून ये म्हणाला. कळप कुठं पळून जातोय?

गुजरातेत बिराप्पाला आधी पाइपा उचलायचं काम मिळालं, मग शेकरवरचं. रिगचं पातं जमीन कातरत खाली जातं, आणि पात्याला थंड ठेवायला सोडलेला गाळासारखा पातळ मड दगडाचा चुरा घेऊन वर येतो. हा मड एका थरथरणाऱ्या चाळणीवर पडतो, तिलाच शेकर म्हणायचं. चाळणीवर राहिलेला चुरा उचलायचा, धुवायचा, भिंगाखाली ठेवायचा. खाली दोन हजार मीटरवर काय आहे ते कुणाला दिसत नाही. दिसतो फक्त हा चुरा. बिराप्पाला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. वाळू, चिकणमाती, कोळशाची कणी, शिंपल्याचा तुकडा, तो बोटांनी ओळखायला लागला. एरंडीच्या सपाट रानात, मेहसाण्याच्या बाजूला, त्याला कळलं की आपण एका जुन्या समुद्राच्या चिखलानं भरून गेलेल्या खड्ड्यावर उभे आहोत.

हे त्याला सांगितलं संयोगिता मॅडमनी.

शहाण्णव साली त्या नव्या विहिरीवर भूवैज्ञानिक म्हणून आल्या. साताऱ्याच्या, सुभेदाराची मुलगी, तिशीच्या आतल्या. पहिल्याच दिवशी बिराप्पा शेकरपाशी स्वतःशी बडबडत होता की, आयला, ह्यो तर निव्वळ चिखोलच हाय, आणि मागून कुणीतरी हसलं. त्या रिगवर दोघांनाही आपली भाषा बोलायला दुसरं कुणी नव्हतं, कारण उदयसिंह तोवर दुसऱ्या तळावर गेला होता. दुपारच्या चहाला मॅडम सॅम्पलच्या टेबलापाशी थांबायच्या आणि साताऱ्याच्या गोष्टी निघायच्या. कुठल्या चौकात कुठला पेढेवाला, वडील सुट्टीवर आले की घरात कशी शिस्त लागायची. त्या बाजूला बिराप्पा कराडच्या पलीकडं कधी गेला नव्हता. तरी साताऱ्याचं नाव निघालं की त्यालाही घराकडची हवा आल्यासारखं वाटायचं.

एकदा त्यानं मनातला प्रश्न विचारलाच. खड्डा सगळा एक, चिखल सगळा एक, मग एका गावाखाली तेल, शेजारच्या गावाखाली खारं पाणी, आणि तिसऱ्या गावाखाली नुसता वायू, असं का?

मॅडमनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांना हा प्रश्न आवडलेला दिसला. त्या म्हणाल्या, खड्डा एक आहे पण सारखा खोल नाही. मध्यभागी चिखल खूप खोल गाडला गेला आणि तिथं धग जास्त. त्या चिखलात मेलेल्या बारीक जिवांचं जे सत्त्व होतं ते लाखो वर्षं शिजलं आणि तेल झालं. कडेला तोच चिखल उथळ राहिला, कच्चाच राहिला, तिथं तेल झालंच नाही. आणि जिथं फारच खोल गेला तिथं तेलही करपलं, त्याचा वायू झाला. पण शिजलं म्हणजे मिळालं असं नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते शिजलं तिथं बसून राहत नाही. वाळूच्या थरातून, कणाकणांच्या फटीतून वर वर सरकत जातं. वाटेत वाळू संपली तर अडतं. वर चिकणमातीचं झाकण आणि पुढं आडवी भिंत असली तर साठतं. नसली तर जात राहतं, पार जमिनीवर येऊन उडून जातं.

"म्हंजे मेंढरासारखंच की," बिराप्पा म्हणाला. "पुढचं चढाला लागलं की मागचं चालतंय. कुंपण लागंस्तवर कोण थांबत न्हाई."

मॅडम हसल्या, आणि त्या दिवसापासून त्याला एकेक सॅम्पल दाखवून विचारायला लागल्या की, बिराप्पा, इथं तुमच्या मेंढरांना वाट आहे का?

आश्विनात बापाचं पत्र आलं. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, चारच ओळींचं. गुडघा दुखतो आहे. यंदा दिवाळीनंतर निघताना तू बरोबर असावास. दोन महिने रजा मिळत असेल तर बघ. बापानं आयुष्यात कधी कुणापुढं हात पसरला नव्हता, पोराकडं तर नाहीच. बिराप्पानं ते पत्र वाचलं आणि दोन महिन्यांची रजा लिहून दिली, दसऱ्यापासूनची. कराडपर्यंत बापाबरोबर चालायचं. सात वर्षं त्यानं ती वाट तुडवली नव्हती. पलूसचा ओढा, पुढची चिंच, सकाळी धुक्यात कळपाच्या अंगातून निघणारी वाफ, पुढं बाप, खांद्यावर आडवी काठी. शेकरच्या खडखडाटात उभं राहून तो ती वाट मनातल्या मनात चालायचा, एकेक वळण आठवत.

दसऱ्याला चार दिवस राहिले असताना अठराशे चाळीसवरची वाळू वर आली.

बिराप्पानं ती डोळ्यांच्या आधी नाकानं ओळखली. धुतलेल्या चुऱ्याला रॉकेलसारखा, पण त्याहून जड, मातकट वास होता. त्यानं मॅडमना हाक मारली. त्यांच्याकडं एक काळी पेटी होती, आत जांभळ्या उजेडाचा दिवा, वरून डोळे लावून बघायचं. तेल लागलेला कण त्या उजेडात चकाकतो. मॅडमनी पाहिलं आणि बाजूला सरल्या. बिराप्पानं वाकून पाहिलं. काळोखात पिवळसर, दुधाळ ठिणग्या पसरल्या होत्या. सात वर्षांत त्यानं असं काही पाहिलं नव्हतं.

विहिरीची चाचणी घ्यायची ठरली. चाचणीत कळतं की खाली खरंच तेल आहे की नुसता डाग. सामान यायला आठ दिवस लागणार होते. मॅडम म्हणाल्या, तुम्ही रजेवर जा, मी कळवते. पण बिराप्पाचा पाय निघेना. आपल्या हातानं उचललेली वाळू, आणि तिच्यातून तेल वर येताना आपण तिथं नसायचं? आठच दिवस, त्यानं घरी निरोप पाठवला. सामान आलं, मग बिघडलं. दुसरं आलं. आठाचे तेवीस दिवस झाले. तेविसाव्या दिवशी झडप उघडली, आणि पाणी आलं. खारट, कोमट पाणी. त्यावर इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग. साहेब लोक तो तवंग बघून परत गेले. पुढच्या आठवड्यात विहिरीत सिमेंट भरलं.

बिराप्पा घरी पोचला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. वस्तीच्या मागं मेंढरं बसायची ती जागा रिकामी होती. नुसत्या लेंड्या, आणि उपटलेल्या खुंट्यांची भोकं. दिवाळीच्या आदल्या बाजारी जोतीरामानं सगळी मेंढरं विकली होती. तो दाराशी लोकरीचा गुंता सोडवत बसला होता. त्यानं मान वर करून पोराकडं पाहिलं.

"आलास? जेव जा."

त्याउपर त्यानं कधी अक्षर काढलं नाही. बिराप्पानंही विचारलं नाही. सात वर्षांनी म्हातारा गेला, आणि विचारायचं राहिलं ते राहिलंच.

बिराप्पा परत गेला. जाऊन करणार काय, इथं आता राखायला काही नव्हतं. आणखी बावीस वर्षं तो रिगमागून रिग फिरला. कच्छ, राजस्थान, गोदावरीचं तोंड. त्याची रिग नवं शोधणारी. खणून झालं की पुढच्या रानात. तेल लागलं तर ते काढणारे लोक वेगळे, मागून येणारे. त्यानं तेल बाटलीत पाहिलं, दिव्याखाली पाहिलं, पण विहिरीतून वर येताना कधी पाहिलं नाही. सुट्टीवर आला की दोन दिवस घरात राहायचा आणि तिसऱ्या दिवशी उगाच पश्चिमेच्या रस्त्यानं कोस-दीड कोस जाऊन यायचा. बयाबाई त्याला जाताना बघायची.

आणि आता उदयसिंहाचा हा फोन.

तीन दिवस त्यानं कसेबसे काढले. चौथ्या दिवशी साताऱ्याला जाऊन येतो म्हणाला आणि सकाळची एसटी धरली. गाडी पलूसवरून कराडला जाणारी. खिडकीतून तो बघत राहिला. दोन्ही अंगाला ऊस. जिथं मेंढरं बसायची ती रानं कुठली, हेही आता ओळखता येत नव्हतं. ओढ्यावर पूल झाला होता, चिंच दिसली नाही. कराडला गाडी बदलून दुपारी तो साताऱ्यात उतरला आणि रिक्षा करून गोडोलीत मॅडमच्या घरी गेला.

संयोगिता मॅडम वडिलांच्या आजारपणापायी मुदतीआधीच नोकरी सोडून साताऱ्याला आल्या होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा गळ्यात. त्यांनी बिराप्पाला दारातच ओळखलं आणि त्याला बोलूही न देता म्हणाल्या, "कळलं ना तुम्हाला? मला वाटलंच होतं, तुम्ही याल."

चहा झाला. आतल्या खोलीत म्हातारे सुभेदार रेडिओ लावून पडले होते. बिराप्पानं तीन दिवस मनात घोळवलेलं एकदम बोलून टाकलं.

"मॅडम, मी चुकलो का? सॅम्पल मी उचललं. मी म्हणलो तेल हाय. नुसता दीड किलोमीटर सरकून खणलं असतं तर?"

मॅडमनी वही ओढली आणि एक तिरकी रेघ काढली. ही आपली वाळू, म्हणाल्या. उजवीकडं खोल, तिकडं तेल शिजलं. डावीकडं चढ. मधे एक उंचवटा काढला. हा आपला उंचवटा, इथं आपण खणलं. जमिनीला हादरे देऊन खालचे थर टिपणाऱ्या यंत्रानं दाखवला तो उंचवटा खोटा नव्हता, वर झाकणही चांगलं होतं. फक्त तो उशिरा झाला. जमीन तिथं वर उचलली गेली ती तेल जाऊन झाल्यावर. घर बांधायच्या आधीच पाहुणे पुढं गेले. पुढं दीड किलोमीटरवर, चढाच्या अंगाला, मातीची भिंत होती, ती कितीतरी जुनी. तिथं ते अडलं आणि साठलं.

"मग माझ्या चुऱ्यात चकाकलं ते?"

"तेच तेल. जाताना कणांना चिकटून राहिलेलं. तुमचं नाक चुकलं नव्हतं, बिराप्पा. आपली विहीर वाटेवर होती, मुक्कामावर नव्हती."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. विहीर बंद झाली तेव्हा त्यांनी अहवालात लिहिलं होतं की, इथून तेल गेलेलं आहे, चढाच्या बाजूला शोधावं. खाली बिराप्पानं आकडे घातलेल्या पिशव्यांची यादी जोडली होती, कुठल्या मीटरला किती चकाकलं त्याची. ते बाड सत्तावीस वर्षं कपाटात पडलं. त्या बाजूची वाळू इतकी पातळ होती की तेव्हाच्या यंत्राला नीट दिसत नव्हती. हल्ली नवी मोजणी झाली तेव्हा एका पोरीनं जुनं बाड उघडलं, गोदामातून त्या पिशव्या काढून पुन्हा दिव्याखाली धरल्या. मग विहीर कुठं घ्यायची ते ठरलं. त्या पोरीनं मॅडमना फोन करून विचारलं होतं की पिशवीवर हे अक्षर कुणाचं.

वहीतल्या रेघेवर बिराप्पानं बोट ठेवलं आणि खोलाकडून चढाकडं हळूहळू नेलं. मॅडमनी विचारलं, बघायला जायचंय का? मी परवानगी काढून देते. घरी विचारून सांगतो, असं म्हणून तो उठला.

घरी पोचेस्तोवर दिवे लागले होते. बयाबाई चुलीपुढं होती. या वेळी मात्र तो थांबला नाही, पाटावर बसून सगळं सांगितलं. पत्र, रजा, तेवीस दिवस, पाणी, तवंग. आणि जे सत्तावीस वर्षं जिभेवर येऊन परत जात होतं तेही.

"मी येळेवर आलो असतो तर आबांनी मेंढरं इकली नसती."

बयाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"आवं, मेंढरं तुमच्यामुळं न्हाई गेली," ती म्हणाली. "मामंजी भादव्यातच पलूसला जाऊन आलं हुतं. सगळ्यास्नी इचारून आलं, यंदा मेंढरं बसवायची का म्हणून. कॅनॉल आल्यावर सगळा ऊस झाला हुता. ईस जणांतलं दोघं व्हय म्हणालं. तवाच त्यांनी व्यापाऱ्याला शबुद दिला. दिवाळीच्या आदल्या बाजाराचा."

बिराप्पा तिच्याकडं वळला. "मग पत्र कशापायी धाडलं?"

"एक फेरा तुमच्यासंगं करायचा हुता त्यास्नी. शेवटचा. व्यापाऱ्याला म्हणालं, पोरगं रजा काढून आलं तर मेंढरं मागनं, कराडात देतो. न्हाई आलं तर हितंच ने."

"मला सांगितलं का न्हाई कुणी?"

"मीच म्हणलं कळवूया. तर म्हणालं, कळप जातोय म्हणून कळलं तर पोरगं नोकरी टाकून ईल. तिकडं त्याचं कायतरी उभं ऱ्हायलंय. हितं काय न्हाई आता." भाकरी फुगली, तिनं ती काढली. "दसऱ्यापासनं रोज फाट्यावर जाऊन बसायचं. दिवाळीच्या आदल्या बाजारापातूर."

बिराप्पानं विचारलं की, तू इतकी वर्षं का बोलली नाहीस. ती म्हणाली, त्यांनी शपथ घातली होती, आणि तुम्ही तरी कुठं विचारलंत. त्याच्या मनावरचा एक धोंडा बाजूला झाला होता खरा. पण धोंड्याखाली जे होतं ते त्याहून जड निघालं. बापाला मेंढरं वाचवायची नव्हती. बापाला फक्त पोरगं हवं होतं, दोन महिने, शेजारून चालायला.

तो पाणी प्यायला उठला तेव्हा बयाबाई मागून म्हणाली, "मॅडमनी बोलवलंय तर जाऊया. मलाबी बघायचंय."

"तेल?"

"तेलाचं मला काय करायचंय? ज्या भोकापायी तुमी तेवीस दिवस ऱ्हायला ते बघायचंय."

पाडवा झाल्यावर दोघं मिरजेहून रेल्वेनं गेली. बयाबाई तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कोल्हापूर-पंढरपूरच्या पलीकडं निघाली होती. डबा तिनं दोन वेळचा बांधून घेतला आणि वाटेत प्रत्येक स्टेशनाचं नाव विचारलं. मेहसाण्याला तीच पोरगी घ्यायला आली, पिशव्या उघडणारी. नाव शिवांजली, मूळची नागपूरकडची, पंचविशीतली. तिनं बिराप्पाला सरळ वाकून नमस्कार केला. तो गडबडून मागं सरला.

नव्या विहिरीवर रिग कधीच निघून गेली होती. तारेच्या कुंपणात एक पंप तेवढा मान खाली-वर करत होता. शिवांजलीनं त्यांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या आणि नळीची झडप जराशी सैल करून काचेच्या बाटलीत धार घेतली. धार कसली, काळपट काकवीसारखा लोळ, कोमट. वर येताना. बिराप्पानं बाटली दोन्ही हातांत धरली. मग डोळे मिटून वास घेतला. तोच वास. रॉकेलसारखा, त्याहून जड, मातकट. अठराशे चाळीसवरच्या चुऱ्याचा. त्याचे डोळे भरून आले, आणि शिवांजली पंपाकडं बघत उभी राहिली.

बयाबाईनं बाटली नाकाशी नेली आणि परत दिली. "आता तुमचं दाखवा," म्हणाली.

दीड किलोमीटर ती दोघं चालतच गेली. एरंडीच्या रानातून बांधावरची वाट होती, किंचित उताराची. इतकी किंचित की पायाला कळायची नाही. बिराप्पाला मात्र कळत होती. रानाच्या मध्ये गुडघ्याएवढा सिमेंटचा खांब होता, त्यावर पुसट झालेला विहिरीचा नंबर. बाकी काही नाही. सभोवती एरंडीची पानं. बयाबाईनं खांबाभोवती एक चक्कर मारली, पदरानं वरची धूळ झटकली आणि त्याच्याच सावलीला पाय पसरून बसली. बिराप्पा शेजारी टेकला.

"हितनं तिथं जायाला मेंढरांस्नी किती येळ लागंल?" तिनं विचारलं.

"चरत चरत? दुपार जाईल."

"आन तेलाला?"

"काय सांगू. हजारो वर्सं. लाखबी असतील."

ती पंपाच्या दिशेला बघत राहिली. इथून पंप दिसत नव्हता. मग तिनं चटणी-भाकरी सोडली आणि दोघं खायला लागली. रान ज्याचं होतं तो शेतकरी बांधावरून आला. बिराप्पानं मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं की मी या विहिरीवर होतो. शेतकऱ्याला तेव्हाची रिग आठवत होती. त्याचं तेव्हा नुकतं लग्न झालेलं, नवराबायको रोज संध्याकाळी दिवे बघायला यायची. त्यानं हाक मारून घरून ताक मागवलं. ताक घेऊन आलेली त्याची बायको बयाबाईशेजारी बसली आणि दोघी, एकीला दुसरीची भाषा येत नसताना, गुडघ्यांना हात लावून लावून दुखणी सांगायला लागल्या.

लांबच्या रस्त्यावर स्टेशनकडं जाणाऱ्या बसचा भोंगा वाजला. बयाबाईनं पेला खाली ठेवून बिराप्पाकडं पाहिलं.

"ही आपली का? निघायचं?"

बिराप्पा खांबाला पाठ लावून बसला होता.

"जाऊ दे ती," तो म्हणाला. "दुसरी यील."